बॉबिनची ट्रायल

प्रिय आत्या,

हातातली कात्री आधी खाली ठेव आणि स्टुलावर बस. उभ्याउभ्या वाचायला घेशील, मधेच कुणीतरी चेन बदलायला येईल, मग तू पत्र मशीनच्या खणात टाकशील आणि ते सुयांच्या पुड्यांखाली महिनाभर पडून राहील. तो खण मला चांगला ठाऊक आहे. माझं दहावीचं गुणपत्रक त्यातच गडप झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते सापडू नये म्हणून मीही फार उकरलं नाही.

मी मजेत आहे. वजन वाढलंय, केस कापलेत, आणि आता माझं एक पत्र्याचं कपाटसुद्धा आहे. अडीच वर्षांत मी फळबागेत फळं तोडली, एका बोटीला रंग दिला (अर्धाच, मग पाऊस आला), एका हॉटेलात पोतीच्या पोती बटाटे सोलले. त्या बटाट्यांवर एक वेगळं पत्र होईल. सध्या मी तंबू शिवते. लांबलचक शेड, त्यात तीन मशिनी, आणि एवढं मोठं टेबल की त्यावर तुझं अख्खं दुकान उलगडून ठेवता येईल. तंबू, ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छपरं, असलं जाडंभरडं काम. इथली सुई बघितलीस तर तुझी गोधडीची सुई तुला केसासारखी वाटेल. मालक म्हातारे आहेत, सगळे त्यांना आजोबा म्हणतात. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने त्यांना सोयीचं तेवढंच येतं. माझी शिवण बघून म्हणाले, कुणाच्या हाताखाली शिकलीस? मी तुझं नाव सांगितलं. म्हणाले, बाई कडक दिसते. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, टाका सरळ आहे आणि तू उगीचच घाबरून मागे बघतेस.

आता मुद्द्याचं. बसली आहेस ना? बॉबिन माझ्याजवळ आहे. आत्ता हे लिहिताना माझ्या पायावर हनुवटी टाकून झोपलाय आणि घोरतोय. अडीच वर्षं तो माझ्याजवळच आहे. आईने कळवलं होतं की तू अजून स्वतःलाच बोल लावतेस, दुकानाची कडी नीट लागली नव्हती म्हणून कुत्रा गेला म्हणतेस, आणि त्याची वाटी अजून दारात भरून ठेवतेस. ते वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि तरी तुला लिहिलं नाही. आता लिहिते. कडी लागली होती. तू ती नीटच लावली होतीस. मी काढली.

हेडमास्तरांच्या कोटाचं तर तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने कधी ऐकलं नाहीस. तुझा नियम होता, ज्याचं कापड तो समोर उभा असल्याशिवाय कात्री लावायची नाही. लोक हसायचे, म्हणायचे बाईंची तऱ्हाच वेगळी, पण मुकाट्याने यायचे, कापडावर एकदा हात फिरवायचे, आणि मग तू कात्री उचलायचीस. मला तो निव्वळ वेळखाऊपणा वाटायचा. तू अस्तर आणायला गेलीस आणि मी ठरवलं की तू परत येईपर्यंत कोट कापून तुला चकित करायचं. चकित तर तू झालीसच. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. निळ्या लोकरीचा तसला तुकडा पुन्हा मिळणार नव्हता, त्यांच्या मुलाने कुठून तरी लांबून आणला होता. एक बाही मी गादीखाली दडवली आणि दुसरी का कोण जाणे पिशवीत कोंबली. बॉबिन दारात येऊन बसला होता. मी कडी काढली. मागे फिर असं मी त्याला बसस्टँडपर्यंत तीनदा सांगितलं, पण आत्या, मी ते ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात कुणीच मागे फिरलं नसतं. बसवाला कुत्रा घेईना. मग एका ट्रकवाल्याने विचारलं, दोघं का? मी म्हटलं, दोघं.

पुढे आईकडूनच कळलं की तू त्या कोटाला बाह्याच लावल्या नाहीस. त्याची बिनबाह्यांची बंडी केलीस, आणि हेडमास्तर निरोप समारंभाला ती घालून गेले, आणि आता थंडीत तीच घालून फिरतात, विचारलं तर म्हणतात हात मोकळे राहतात. हे वाचून मी इतकी हसले की बॉबिन भुंकायला लागला.

तो प्रवासात कसा होता ते ऐक, म्हणजे तुझा राग थोडा उतरेल. ट्रकमध्ये पुढे बसायचा, काचेला नाक लावून. नव्या गावात उतरलो की कान टवकारायचा आणि शिलाई मशीनचा आवाज येईल तिकडे सरळ चालू लागायचा. कुणाच्याही दुकानात शिरून मशीनखाली, पायडलच्या बाजूला, अगदी तुझ्याकडे बसायचा तसा अंग दुमडून बसायचा. मी धापा टाकत मागून जायचे आणि माफी मागायचे. निम्म्या दुकानांत आम्हाला बिस्किटं मिळाली, दोन ठिकाणी शिव्या, आणि या तंबूच्या शेडमध्ये नोकरी. म्हणजे नोकरी त्याने शोधली, मी नुसती त्याच्या मागून आत शिरले.

दोन महिन्यांपूर्वी तो लंगडायला लागला. पुढचा डावा पाय. वाटलं, उडी मारताना मुरगळला असेल. शेकलं, तेल लावलं. मग एक दिवस पंजाच्या वर हाताला गाठ लागली, बोटातल्या अंगुस्तानाएवढी, दगडासारखी घट्ट. इथे जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांचा दवाखाना जुन्या पोस्टात आहे. खिडक्यांवरच्या पाट्या अजून तशाच, त्यामुळे बॉबिनला 'पार्सल' लिहिलेल्या खिडकीतून आत घेतलं आणि पार्सलच्याच काट्यावर त्याचं वजन केलं. त्याने तिथे बसून सगळ्यांकडे अशा ऐटीत पाहिलं, जणू आता शिक्का मारून पाठवणारच आहेत. मग त्यांनी हाडाचा फोटो काढून उजेडासमोर धरला. मला काही सांगावं लागलं नाही. लोकरीच्या कापडाला कसर लागली की ते उजेडात कसं दिसतं हे मी तुझ्याकडे शंभर वेळा पाहिलंय. त्याच्या हाडाला तशी कसर लागली होती.

डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, हाडाचा कॅन्सर आहे. पाय खांद्यापासून काढला तर दुखणं थांबेल. छातीचा फोटो आज स्वच्छ आहे, उद्याचं मी सांगू शकत नाही. औषधं दिली तर वर्षभर मिळेल, कदाचित कमी, कदाचित जास्त. पाय ठेवला तर दुखणं वाढत जाईल आणि एक दिवस चालता चालता हाड मोडेल, मग इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्यावाचून इलाज नाही. आठवड्यात ठरवा. मी म्हटलं, तुमचा कुत्रा असता तर? त्या म्हणाल्या, माझं मांजर आहे, आणि ते माझं काही ऐकत नाही.

मी आयुष्यात कधी काही ठरवलंय का, आत्या? गाव बदलायचं तेही ट्रक जिकडे जाईल तिकडे. सोमवारी वाटायचं, काढू या. मंगळवारी वाटायचं, नऊ वर्षांचा म्हातारा कुत्रा, त्याला का फाडायचं, मी माझ्यासाठीच करतेय हे. आजोबा म्हणाले, चार पायांवर आलाय, चार पायांवर जाऊ दे. तेही पटलं. मी त्याच्याकडे इतकी टक लावून बघायला लागले की तो वैतागला आणि माझ्याकडे पाठ करून बसू लागला. आणि सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट टोचत होती. हे कापड माझं नाही. ज्याचं आहे ती समोर उभी नाही. आणि कात्री पुन्हा माझ्याच हातात.

मग एका दुपारी ताडपत्री कापताना डोक्यात आलं की तू कोट पक्का शिवायच्या आधी काय करतेस? कच्चे टाके घालून माणसाच्या अंगावर चढवतेस, हात वर कर म्हणतेस, बस म्हणतेस, दोन पावलं चाल म्हणतेस. मग आपणही ट्रायल घेऊ. त्याच्यासाठी एक जाकीट शिवायचं, डावा पाय आत हलकेच दुमडून राहील अशी खोळ करायची, आणि बघायचं तीन पायांवर गडी काय करतो. तसाही तो डावा पाय उचलूनच धरायचा, नुसता लोंबायचा तो. आतून मऊ काहीतरी हवं होतं. पिशवीच्या तळाशी हेडमास्तरांची बाही होती. तिची खोळ केली. मापं घेतली, खडूने खुणा केल्या, कच्चे टाके घातले, बॉबिनला टेबलाजवळ उभं करून जाकीट चढवलं. आणि आत्या, खोळ उजव्या बाजूला आली. मी त्याच्या समोर बसून खुणा केल्या होत्या. त्याने एकदा जाकिटाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. तू गादीखालची ती बाही काढून जसं बघितलं असशील तसंच. मी खाली बसले आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसले. आजोबांना वाटलं रडतेय, ते पाणी घेऊन आले.

उसवून पुन्हा शिवलं, या वेळी त्याच्या मागे उभी राहून. शेडभर जाड कापडाच्या घड्या पसरल्या, पडला तर लागू नये म्हणून. तो आधी नुसता उभा राहिला. एक पाऊल टाकलं, थांबला, वास घेतला. मी म्हटलं, चाल ना रे. ढिम्म. तेवढ्यात आजोबांच्या कोपराने टेबलावरची दोऱ्याची मोठी रीळ पडली आणि गडगडत निघाली. तुला आठवतं ना, तो एवढासा होता तेव्हा तुझ्या मशीनवरून बॉबिन निसटली की तिच्यामागे कसा सुटायचा? नाव त्यावरूनच तर पडलं. तसा सुटला. एकदा तोंडावर पडला, उठला, पुन्हा सुटला. महिनाभर पायरी चढताना विव्हळणारा कुत्रा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सशासारखा उड्या मारत गेला, रीळ तोंडात धरली आणि सबंध शेडमध्ये दोऱ्याचं जाळं करत परत आला. ती त्याने माझ्याकडे नाही, आजोबांच्या पायाशी आणून टाकली. चार पायांवर जाऊ दे म्हणणारे आजोबा वाकून दोरा गुंडाळायला लागले. मग म्हणाले, ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक खूश दिसतंय.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या आधी खूप रागावल्या. ते हाड काचेसारखं झालंय, पडल्यावर मोडलं असतं तर, मला विचारायचं नाही का. सगळं खरं होतं. मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, ही बाही कुणाची? मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी कागद पुढे केला. मालकाचं नाव. मी तुझं लिहिलं, दुकानाचा पत्ताही. खाली सही माझी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग मालकीणबाईंना विचारलंय का? मी पेनाला टोपण लावत बसले. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, आधी विचारा, मग मी हात धुते.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, साडेदहाच्या सुमाराला तुला एक मुका फोन आला होता. तो आमचा होता. तू नेहमीसारखी खेकसलीस, बोला, माप द्यायचंय की कपडा न्यायचाय? मी नुसती फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. तू म्हणालीस, बोला की, तोंडात टाचण्या धरल्यात का? आणि फोन मानेत अडकवून तू पुन्हा पायडल मारायला लागलीस. ती तुझी सवय या वेळी कामाला आली. मी फोन बॉबिनच्या कानाला लावला. आत्या, त्याचा तो एक कान, जो कधीच पूर्ण उभा राहत नाही, तो उभा राहिला. शेपटी पार्सलच्या काट्यावर अशी आपटायला लागली की काटा पुढेमागे नाचू लागला. मिनिटभर तो तुझं मशीन ऐकत होता. मग तू कुणालातरी म्हणालीस, वेडं आहे कुणीतरी, आणि ठेवलास. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, हो म्हणाल्या. हे खोटं होतं. ते आता तुझ्या हातात आहे, तू खरं कर किंवा करू नकोस.

आत नेण्याआधी मी खिशातला खडू काढला आणि त्याच्या डाव्या पायावर मोठी फुली मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडे डाव्या-उजव्याचा थोडा घोळ आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या फुलीशेजारी आपली एक फुली मारली. तेव्हा मला त्यांच्यावर खरा विश्वास बसला.

पाय काढला. टाके सतरा. तू बघितलेस तर नाक मुरडशील, अंतरं सारखी नाहीत, पण धरलेत घट्ट. दुसऱ्या दिवशी तो उठला आणि हनुवटीवर आपटला, आणि मी त्याच्या पायाखालची जमीन सरकवली अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीपाशी गेला. मागचा पाय वर केला तर तोल जातो, नाही केला तर इभ्रत जाते. यावर त्याने दोन दिवस विचार केला आणि शेवटी भिंतीला खांदा टेकून प्रश्न सोडवला. दहाव्या दिवशी तो शेडमध्ये मशीनखाली बसला होता. काल त्याने आजोबांचा डबा पळवला, आणि आजोबा त्याला पकडू शकले नाहीत. रात्रीचा विव्हळत नाही आता. नुसता घोरतो.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. कोपऱ्यावरची बेकरीवाली चांगली आहे, पण त्याला पाहिलं की पाय नसलेल्या जागेकडे बघून रडक्या सुरात म्हणते, अगं बाई, बिचारा. की लगेच याची शेपटी खाली, आणि हा माझ्या मागे लपतो. आणि आजोबा लांबूनच ओरडतात, चला साहेब, कामाला. की हा उड्या मारत सुटतो. त्याला स्वतःचं काही वाटत नाही, आत्या. तो आपल्या तोंडाकडे बघतो आणि त्यावरून ठरवतो.

म्हणून हे पत्र. गुरुवारी आजोबांचा टेम्पो तुझ्या बाजूला ताडपत्र्या पोचवायला येतोय, आणि दुपारच्या आत आम्ही दोघं तुझ्या दारात असू. त्याला जेवढे दिवस मिळालेत तेवढे त्याने तुझ्या मशीनखाली काढावेत असं मी ठरवलंय, आणि तू ठेवून घेतलंस तर मीही तेवढे दिवस कुठे जाणार नाही. बघ, ठरवायला शिकले. तर तुला जे काही रडायचंय ते हे पत्र वाचतानाच रडून घे. मला ज्या शिव्या द्यायच्यात त्या आजपासून द्यायला लाग, म्हणजे गुरुवारपर्यंत संपतील. आणि तो टेम्पोतून उतरला की त्याच्या खांद्याकडे बघू नकोस. कामातून मान वर करू नकोस. नुसती दोऱ्याची बॉबिन मशीनच्या पत्र्यावर दोनदा टकटक वाजव, पूर्वी त्याला बोलवायला वाजवायचीस तशी, आणि म्हण, इतका वेळ कुठे होतास रे. बाकीचं तो बघून घेईल. जाकीट बरोबर आणतेय. आता त्याला खोळ नको, डावी बाजू बंद करून सरळ करायचीय. मी अजून कात्री लावलेली नाही. तू समोर असताना लावू.

तुझीच,
भिंगरी